पडद्यावरची बाई मोजायची कशी

गंगापूर रोड, नाशिक
२० जुलै

प्रिय सुहास,

तुझं पत्र मिळालं. येवल्यात अकरावी-बारावीच्या मुलामुलींना घेऊन मालिका, जाहिराती आणि बातम्यांमधल्या बाईचा अभ्यास करायचं तू ठरवलंयस, हे वाचून फार बरं वाटलं. सुरुवात कुठून करू, असं विचारलंयस. कुठून करू नकोस ते आधी सांगते. कपड्यांपासून करू नकोस.

हा विषय वर्गात काढला की पाच मिनिटांत गाडी तोकड्या कपड्यांवर आणि आयटम साँगवर जाते. सगळे तावातावानं बोलतात, सगळ्यांचं एकमत होतं आणि बाईनं कसं दिसावं याचे नियम मुलंच घालून द्यायला लागतात. डोक्यावर पदर घेतलेली, कुणाला उलटून न बोलणारी, घरासाठी नोकरी सोडणारी सून मात्र या चर्चेतून अलगद सुटते. माझ्या मते बारकाईनं बघायला हवं ते तिच्याकडेच.

कायद्यातही हे दोन रस्ते दिसतात. महिलांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा १९८६चा. त्याचा सगळा भर देहावर आहे: बाईची आकृती, शरीर किंवा त्याचा भाग कसा दाखवला आणि त्यानं नीतिमत्ता बिघडते का. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. केबल दूरचित्रवाणीच्या १९९४च्या नियमांत जाहिरातींसाठी जो नियम ७ आहे, तो वेगळंच बोलतो. बाईचा सोशिकपणा, आज्ञाधारकपणा ठळक करून तिला घरात आणि समाजात दुय्यम भूमिका घ्यायला लावणारं चित्रण जाहिरातीत चालणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. इतकं चांगलं कलम आपल्याकडे आहे आणि ते फारसं कुणाला ठाऊक नाही, याचं मला वाईट वाटतं. मुलांना ते पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून दे.

आणखी एक गोष्ट सांग, कारण ती त्यांच्या जिल्ह्यातली आहे. दिल्लीत तो कायदा झाला त्याच वर्षी, नोव्हेंबर १९८६ मध्ये, चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं. पुढे तिथूनच लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम निघाला, म्हणजे नवऱ्यानं जमिनीचा वाटा बायकोच्या नावावर करायचा. बाई दिसते कशी यापेक्षा सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का, असं विचारणारा हा धागा आपल्याकडे चाळीसेक वर्षं जुना आहे. पडद्याला प्रश्न विचारायचे तेही याच जातीचे: काम कोण करतं, बोलतं कोण आणि ठरवतं कोण.

आता मालिका. तीन घे, तीन वेगळ्या वाहिन्यांच्या, रात्री आठ ते साडेनऊ या वेळातल्या. आठवड्याला सहा भाग धरले तर दोन आठवड्यांचे छत्तीस भाग होतात. बारा मुलं असतील तर सहा जोड्या कर, प्रत्येक जोडीला सहा भाग. एका भागात जाहिराती वगळून साधारण वीस-बावीस मिनिटं उरतात, पण थांबवत, मागे नेत नोंद करायला त्याच्या तिप्पट वेळ लागतो, तो धरूनच वेळापत्रक आख. गणपती आणि दिवाळीचे आठवडे टाळ. त्या दिवसांत महाएपिसोड असतात, सगळं घर नटूनथटून आरतीला उभं असतं, आणि एरवीचं चित्र हाती लागत नाही. सुरुवातीचा 'मागील भागात' आणि शेवटची 'पुढील भागात'ची झलक मोजणीतून काढून टाक, नाहीतर एकच वाक्य तीनदा मोजलं जातं.

मोजायचं एकक 'प्रसंग' ठेव. जागा बदलली किंवा बोलणाऱ्यांपैकी कुणी आलं-गेलं की नवा प्रसंग. प्रत्येक प्रसंगाला तक्त्यात एक ओळ. संवादांचा वेळ मोजायला जोडीतल्या एकाकडे बायकांचं घड्याळ, दुसऱ्याकडे पुरुषांचं. दोघं एकदम बोलले तर दोन्ही घड्याळं चालू. गाणं आणि पार्श्वसंगीत मोजायचं नाही.

इथे मालिकांची एक खास अडचण येते: मनातला आवाज. नायिका गप्प उभी असते आणि तिचे विचार आपल्याला ऐकू येतात. खलनायिकेचंही तसंच, तिचे बेत आपल्याला आधी कळतात. हे बायकांच्या बोलण्यात धरलं तर बायकाच जास्त बोलतात असा निकाल येऊ शकतो. म्हणून त्याला वेगळा रकाना कर. मनातलं बोलणं प्रेक्षकाला ऐकू येतं, घरातल्या कुणालाच नाही. चारचौघांत मोठ्यानं किती बोलली आणि मनातल्या मनात किती, या दोन आकड्यांमधलं अंतर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

अमेरिकन व्यंगचित्रकार ॲलिसन बेक्डेल यांच्या १९८५च्या एका व्यंगचित्रपट्टीतून आलेली कसोटी मुलांच्या वाचनात असेल: कथेत किमान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात आणि विषय पुरुषाखेरीज दुसरा हवा. सिनेमाला ती लावून बघायला हरकत नाही. मराठी मालिकेला लावलीस तर फसशील. आपल्या मालिकांत बायका बायकांशी अखंड बोलतात. स्वयंपाक, व्रतं, दागिने, घराची अब्रू असे विषयही भरपूर असतात. मालिका कसोटीला उतरते आणि हाती काही लागत नाही.

त्यापेक्षा निर्णयांचा तक्ता ठेव. भागात जो निर्णय होतो त्याचा विषय लिहायचा: जेवण, सण, लग्न, शिक्षण, नोकरी, पैसा, मालमत्ता. मग तो कुणी सुचवला, कुणी अडवला आणि शेवटचा शब्द कुणाचा. एकाच घरात सासूचा शब्द सणावाराला अखेरचा असतो आणि कंपनीच्या कागदांना नसतो, हे या तक्त्यात लगेच उघडं पडतं. पैशाच्या व्यवहारात बाई आली तर ती कशी येते, हेही लिहायला सांग: स्वतःचं डोकं चालवून, कट करून, की न वाचता सही करून.

नोकरीचंही असंच. नायिका डॉक्टर, वकील, पोलीस असल्याचं प्रोमोत दाखवतात. मुलांनी तीनच गोष्टी बघायच्या. तिच्या कामाची जागा दिसली का? तिथल्या एखाद्या सहकाऱ्याला नाव आहे का? आणि तिच्या पगाराचा उल्लेख कधी झाला का? जमलं तर तिच्या लग्नाआधीचे चार आठवडे आणि लग्नानंतरचे चार आठवडे शेजारी ठेव. जुने भाग वाहिन्यांच्या ॲपवर बहुतेक मिळतात.

घरकामाच्या नोंदीत एक बारकावा आहे. मालिकेत स्वयंपाक दिसतो तो बहुधा वाढताना. निवडणं, चिरणं, खरकटी काढणं, भांडी घासणं क्वचितच. म्हणून 'काम दिसलं' आणि 'झालेलं काम दिसलं' असे दोन रकाने हवेत. याच्या जोडीला खऱ्या आयुष्याचा आकडा दे. केंद्र सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात, पुरुष ९७. हा आकडा वाचताना मुलं हमखास चुकतात. ही सरासरी फक्त काम करणाऱ्यांची आहे. असं काम करणारेच मुळात बायकांत ८१.२ टक्के आणि पुरुषांत २६.१ टक्के. म्हणजे सगळ्या बायका आणि सगळे पुरुष धरले तर सुमारे २४३ मिनिटं आणि २५ मिनिटं. गुणाकार फळ्यावर करून दाखव.

एक रकाना मी आग्रहानं घालायला सांगीन: बोली. घरकामाला येणारी बाई ग्रामीण ढंगात बोलते, नायिका प्रमाण मराठीत. विनोदासाठी असलेल्या पात्राला एखादी बोली चिकटवलेली असते. आडनाव कुणाला आहे आणि कुणाला नुसतं 'मावशी' म्हणतात, सावळा रंग कुणाच्या वाट्याला येतो, हेही याच रकान्याशेजारी लिही. जात आणि वर्ग वगळून बाई मोजली तर आपण फक्त वाड्यातल्या सुनेची बाजू घेऊन मोकळे होतो, आणि तिच्याच स्वयंपाकघरात राबणारी दुसरी बाई अभ्यासातही मागच्या दारानंच येते-जाते.

हे सगळं मोजताना सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो मोजणाऱ्यांच्या आपापसांतल्या फरकामुळे. 'अपमान झाला' असा रकाना केलास की मुली दहा ठिकाणी खूण करतील आणि मुलगे दोन. दोघंही आपापल्या परीनं प्रामाणिक असतात. रकाना डोळ्यांना दिसणारा, कानांना ऐकू येणारा हवा: आवाज चढवला, बोलणं मध्येच तोडलं, हात धरून ओढलं, खोलीबाहेर जायला सांगितलं. पहिला भाग दोघांनी स्वतंत्र, एकमेकांचा कागद न बघता नोंदवायचा. पन्नास नोंदींपैकी चाळीस जुळल्या तर ऐंशी टक्के. त्याखाली गेलं तर व्याख्या पुन्हा लिहायच्या आणि पुन्हा बघायचं.

जुळणीच्या टक्केवारीवरही डोळे झाकून विसंबू नकोस. दहातल्या नऊ नोंदींत उत्तर 'नाही' असंच येत असेल, तर दोघांनी न बघता खुणा केल्या तरी ८२ टक्के जुळतात (०.९ गुणिले ०.९, अधिक ०.१ गुणिले ०.१). तिथे ८५ टक्के जुळणी म्हणजे फक्त तीन टक्क्यांची खरी कमाई. उरलेल्या अठरांपैकी तीन, म्हणजे ०.१७ च्या आसपास. यालाच कोहेनचा 'कप्पा' (हे ग्रीक अक्षराचं नाव) म्हणतात. तुझे गणिताचे सहकारी अर्ध्या तासात शिकवतील.

जोड्या मुलगा-मुलगी अशा मिश्र ठेव. मुलगे चिडतात ते 'तुम्ही पुरुष असेच' असा सूर लागला की. पुरुष पात्रांसाठीही तेच रकाने भरायला दे. चहा करता न येणारा बाप, रडायची मुभा नसलेला मुलगा, बायकोनं वेड्यात काढलेला नवरा हेही साचेच आहेत, आणि आपल्यावरही काहीतरी लादलं जातंय हे मुलांना त्यातून उमगतं.

जाहिराती लवकर उरकतात. एकच जाहिरात रात्रीत पंधरा वेळा लागते, म्हणून दोन तक्ते हवेत: एकात प्रत्येक जाहिरात एकदाच, दुसऱ्यात ती किती वेळा लागली. हे दोन्ही मिसळले की एका साबणाचा निकाल सगळ्या जाहिरातींचा निकाल होऊन बसतो. वस्तू वापरतं कोण, ती समजावून सांगतं कोण आणि शेवटी नाव घेणारा आवाज कुणाचा, एवढं पुरे. छापील जाहिरातींसाठी समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७०च्या दशकात दाखवलेल्या खुणा अजून कामाला येतात: बाईचा हात वस्तूला घट्ट धरतो की नुसता कुरवाळतो, चित्रात उंच कोण, काम शिकवतं कोण आणि शिकतं कोण, आणि बाई समोर काय चाललंय त्यापासून हरवल्यासारखी दुसरीकडेच बघते का.

तुझ्या गावात तर हातचा मसाला आहे. पैठणीच्या जाहिरातींचे फलक गोळा कर. नेसलेली बाई प्रत्येक फलकावर असेल. कांड्या भरणारी, मागावर बसणारी किती फलकांवर आहे ते बघा. दिवाळीनंतर मुलांना निफाड-दिंडोरीकडे घेऊन ये. द्राक्षाची विरळणी आणि घडांचं डिपिंग, म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं, चालू असतं, आणि बागेत बायका किती आहेत ते मोजता येतं. त्याच रस्त्यावरच्या कृषी सेवा केंद्रांच्या पाट्या, खतांची आणि औषधांची भिंतीवरची रंगवलेली चित्रं यांचे फोटो काढा. त्यात शेतकरी म्हणून कोण उभा आहे? वाटेत नाशिकला जेवायला माझ्याकडे या, सगळ्यांची सोय होईल.

बातम्यांना जास्त वेळ दे, कारण यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे आणि खर्च रद्दीपुरता. एका दैनिकाचं स्थानिक पान, सलग तीस दिवस. बाईवरच्या गुन्ह्याच्या बातम्यांचे फक्त मथळे. 'विवाहितेची आत्महत्या', 'तरुणीवर अत्याचार', 'एकतर्फी प्रेमातून हल्ला', असली वाक्यं तुला पाठ असतील. प्रत्येक मथळ्याला तीन प्रश्न: करणारा वाक्यात आहे का? बाईची ओळख कशानं दिली, लग्नानं, वयानं, मुलांच्या संख्येनं की कामानं? आणि कारण म्हणून काय छापलं? 'प्रेमातून' असं छापलं की हल्लेखोराची बाजू मथळ्यातच मांडून झालेली असते.

मग मुलांना मथळा पुन्हा लिहायला दे. इथे ती उत्साहानं 'नवऱ्यानं बायकोला मारलं' असं लिहितात, आणि ते छापता येत नाही. गुन्हा शाबीत व्हायचा असतो, बदनामीचा दावा होऊ शकतो, म्हणून वार्ताहर कर्ता गाळतात. ही अडचण खरी आहे, ती मुलांना नीट समजावून दे. पण 'छळप्रकरणी पतीसह तिघांवर गुन्हा' हे कायद्यात बसतं, खरंही आहे आणि त्यात करणारा दिसतो. अत्याचाराच्या बातम्यांबाबत एक सक्त सूचना: तक्त्यात पीडितेचं नाव, गाव, कॉलेज काहीही लिहायचं नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार ओळख उघड करणं गुन्हा आहे, आणि लहान गावात वय आणि कॉलेज एवढ्यावरूनही मुलगी ओळखू येते.

जगभर बातम्यांची अशी मोजणी १९९५ पासून दर पाच वर्षांनी एका ठरलेल्या दिवशी होते. बातम्यांत ज्यांच्याविषयी किंवा ज्यांच्या तोंडून काही येतं, त्यांत बायका १९९५ला १७ टक्के होत्या आणि २०२०ला २५. पंचवीस वर्षांत आठ टक्क्यांची वाढ.

सिनेमासाठी एकच तास ठेव. आवाज बंद करून नायिकेचा पहिला प्रवेश लावायचा. कॅमेरा कुठून सुरू होतो, पायापासून, कमरेपासून की चेहऱ्यापासून? त्याआधीच्या शॉटमध्ये कोण बघताना दिसतं? मग नायकाचा पहिला प्रवेश तसाच. चित्रपट-अभ्यासक लॉरा मल्वी यांनी १९७५ मध्ये मांडलं की कॅमेऱ्याची, पात्रांची आणि प्रेक्षकांची अशा तीन नजरा एकाच पुरुषी नजरेत मिळतात. ते मुलांना सिद्धांत म्हणून जड जाईल, या दोन शॉट्सवरून चटकन कळेल. मग श्रेयनामावली थांबवून दिग्दर्शन, लेखन, छायाचित्रण, संकलन ही चार नावं लिहून घ्या. दादासाहेब फाळके आपल्या त्र्यंबकचे. १९१३ मध्ये त्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी बाई मिळाली नाही म्हणून अण्णा साळुंके उभे राहिले, आणि त्याच वर्षी त्यांच्या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. पडद्यामागे फिल्मला भोकं पाडण्यापासून रसायनांपर्यंतची कामं सरस्वतीबाई फाळके करत होत्या. पडद्यावरची उणीव वर्षाच्या आत भरून निघाली. पडद्यामागचं काम श्रेयनामावलीत यायला किती काळ गेला, हे मुलांना शोधू दे.

रील्स पहिल्या फेरीत नकोतच. प्रत्येकाच्या फोनवर वेगळं दिसतं, त्यामुळे तुलना जमत नाही, आणि मुलांच्या खासगी आवडीनिवडी वर्गासमोर उघड्या पडतात.

शेवटी तक्रारीचं. मोजणीतून काही ठोस निघालं तर तक्रार जरूर करा. जाहिरात असेल तर जाहिरात मानक परिषदेकडे, म्हणजे ॲस्कीकडे, ऑनलाइन करता येते. स्त्री-पुरुषांच्या घातक साच्यांबद्दल त्यांची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ मध्ये आली आहेत, त्यातला नेमका मुद्दा धरा. मालिका असेल तर त्याच केबल नियमांच्या २०२१च्या दुरुस्तीप्रमाणे आधी वाहिनीकडेच: पोच चोवीस तासांत, निर्णय पंधरा दिवसांत. समाधान झालं नाही तर पुढच्या पंधरा दिवसांत वाहिन्यांच्या स्वनियंत्रण संस्थेकडे अपील, आणि त्याही वर केंद्र सरकार. ओटीटीसाठीही माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मध्ये अशीच तीन पायऱ्यांची सोय आहे.

'ही मालिका स्त्रीविरोधी आहे' अशी तक्रार टिकत नाही. वाहिनी, तारीख, वेळ, भागातलं मिनिट, संवाद जसाच्या तसा आणि कोणता नियम मोडला, एवढं एका पानात हवं. 'संस्कृती बुडते' असलं एकही वाक्य नको. मालिकेला कार्यक्रमांचा नियम ६ लागतो आणि जाहिरातीला नियम ७. यांची अदलाबदल झाली की तक्रार तिथेच अडकते. आणि तारखेकडे लक्ष ठेव. मुलं तक्ते पूर्ण करून, निष्कर्ष लिहून, महिन्याभरानं तक्रारीला बसतात तोवर प्रसंग जुना झालेला असतो. ठळक काही दिसलं तर ते त्याच आठवड्यात वेगळं काढून पाठवा, बाकीची मोजणी मागून येऊ दे.

रकान्यांचा कोरा तक्ता वेगळ्या पाकिटात पाठवते आहे. छापून घेण्याआधी एक भाग त्यावर नोंदवून बघ. उजवीकडचे दोन रकाने अरुंद वाटले तर आडव्या कागदावर घे. पहिल्या जोडीची जुळणी किती आली ते मला लगेच कळव, म्हणजे व्याख्या कुठे सैल आहेत ते आपण मिळून बघू. घरी सगळ्यांना नमस्कार.

तुझी,
वसुधा